पाय वर केला की गाणं संपतं

बँजो पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा मी दार उघडून आधी त्या माणसाच्या पाठीवरच्या काळ्या पेटीकडे बघितलं आणि मग माणसाकडे. नवऱ्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "माझा बोटीवरचा जुना साहेब जेवायला येतोय, बँजो घेऊन येईल." बँजो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली आमच्या पेठेतली गणपतीची मिरवणूक. टेंपोवर ठेवलेलं ते बटणांचं वाद्य आणि भिंतीएवढे कर्णे. म्हटलं, पासिर रिसच्या या शांत फ्लॅटमध्ये हे वाजलं तर शेजारच्या चिनी आजी उद्यापासून माझ्याशी बोलायच्या नाहीत. पेटीतून निघालं ते भलतंच. चामडं ताणलेली गोल खंजिरी, तिला लांब मान लावलेली आणि वर पाच तारा. वाजवून दाखवा म्हटलं तर त्या माणसानं उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या चढवल्या आणि असा काही टणटणाट सुरू केला की माझी फोडणी करपली.

ही दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. नवरा मरीन इंजिनिअर. तेव्हा तो बंदराच्या ऑफिसात काम करायचा, पण महिन्यातले दहा दिवस कुठल्या ना कुठल्या बोटीवर. आलेला पाहुणा इंग्लंडच्या उत्तरेकडचा, साठी उलटलेला, सव्वीस वर्षं सिंगापुरात राहिलेला. तरुणपणी नवरा त्याच्या हाताखाली इंजिन रूममध्ये होता. काम संपलं की चिंध्यांना हात पुसत नवरा म्हणायचा, "झालं." तेवढा एकच मराठी शब्द या साहेबांनी उचलला होता आणि तो ते कुठेही वापरायचे. पाऊस थांबला, झालं. लिफ्ट आली, झालं. त्या दिवशी तीन थालीपीठं लसणाच्या चटणीबरोबर संपवून, ताट पुढे सारून ते म्हणाले, "झालं." आमची मुलगी हसून हसून लोळली. सिंगापुरात वडीलधारा पुरुष दिसला की त्याला अंकल म्हणायचं असतं, तसं तिनं त्यांना म्हटलं. मी मात्र मनात त्यांचं नाव बँजोकाका ठेवून टाकलं.

जेवण झाल्यावर त्यांची नजर कपाटावर गेली. तिथे माझं व्हायोलिन होतं, उशीच्या अभ्र्यात. धूळ बसू नये म्हणून अभ्रा, बाकी काही नाही. वाजवणं तर केव्हाच मागे पडलं होतं. गणपतीत मंडळाच्या भजनांना साथ केली की वर्षभराचं पुण्य पदरात. त्यांनी आग्रह केला म्हणून मी जमिनीवर बसले आणि एक भजन वाजवलं, तीनचार मिनिटं. डोळे उघडले तर बँजोकाका ताठ बसलेले.

"आमचा एक बँड आहे," ते म्हणाले. "पाच जणांचा. फिडल वाजवणाऱ्याची बदली हाँगकाँगला झाली. फिडल म्हणजे हेच, व्हायोलिन. मार्चअखेर मी कायमचा घरी चाललोय. बायको पुढे गेलीय. जायच्या आधी मला एकदा, एकदाच, पाची वाद्यांसकट वाजवायचंय. गावी आमच्याकडे मेंढ्या आहेत, पब आहे, पण हे वाजवणारं कुणी नाही. एकट्यानं वाजवायचं वाद्य नाही हे."

मी सरळ नाही म्हटलं. मला तुमचं संगीत येत नाही, मला उभं राहून वाजवता येत नाही, आणि मला वेळ नाही. तिसरं तर धडधडीत खोटं होतं. नवऱ्यानं "अगं, जाऊन तर बघ" म्हटलं ते मी कानाआड केलं. पण आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येनं सोफ्यावरून मान न उचलता फर्मावलं, "जस्ट गो लाह, आई. यू आर सो बोअर्ड!" माझ्या नाकावर राग कायमच बसलेला असतो, त्याला निमित्त लागत नाही. बोअर्ड काय! मी? शनिवारी दुपारी बस पकडून गेलेसुद्धा.

बँजोकाकांचा काँडो ईस्ट कोस्टला होता. तिथल्या खालच्या हॉलमध्ये त्यांची तालीम चाले. दूध घातलेल्या चहाची किटली, बिस्किटांचा डबा, आणि चार इंग्रज. तसं म्हटलं की त्यातले दोघं चिडत, कारण एक वेल्सचा आणि एक स्कॉटलंडची. आता, ब्लूग्रास नावाचं हे संगीत मुळात अमेरिकेतल्या डोंगरांमधलं. बँडमध्ये अमेरिकन एकही नाही. म्हणजे नागपूरच्या मंडळींनी सिंगापुरात मालवणी खाणावळ काढावी, त्यातला प्रकार. मी हे बोलून दाखवलं. त्यांना नागपूरही माहीत नव्हतं आणि मालवणही, तरी ते हसले. चांगली माणसं होती.

पहिल्या दिवशी वाजवणं कमी आणि चहा जास्त झाला. प्रत्येक जण आपण इथवर कसे आलो ते सांगत होता, आणि मला ते ऐकायला फार आवडलं. डबल बास वाजवणारा सगळ्यांत उंच. त्याचं वाद्य त्याच्याहून उंच. हा लंडनमध्ये सोळाव्या वर्षी कपड्यांना सेफ्टी पिना टोचून विजेचं गिटार बडवायचा, इतक्या जोरात की शेजाऱ्यांनी दोनदा पोलीस बोलावले. आता तो आर्किटेक्ट होता आणि त्याच्या वाद्याला वीज लागत नव्हती. "म्हातारपण," तो म्हणाला. वय बेचाळीस.

गिटारवाला वेल्सचा. नोकरी बँकेच्या कॉम्प्युटर्सवर, आमच्या पुण्याच्या निम्म्या पोरांसारखी. त्याचे आजोबा गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचे म्होरके. रविवारी त्या छोट्याशा देवळात सगळं गाव चार वेगवेगळ्या सुरांत एकदम गायचं, आणि हा आजीच्या मांडीवर बसून ते ऐकायचा. परिणाम असा झाला की कुणीही काहीही गुणगुणलं की हा न विचारता त्याच्या वरचा सूर लावायचा. मी चहा ओतताना सहज गुणगुणत होते तर याचा सूर माझ्या डोक्यावर येऊन बसला! मी दचकले. तो बिचारा सॉरी म्हणाला.

मँडोलिन वाजवणारी स्कॉटलंडची, बुकित तिमाहच्या एका शाळेत शिक्षिका. तिची गोष्ट मला लागली. लहानपणी ती व्हायोलिन शिकायची, त्या सगळ्या परीक्षा दिल्या एकामागून एक. शेवटच्या परीक्षेत गज धरलेला हात थरथरायला लागला आणि थांबेना. परीक्षक खाली बघत बसले. घरी येऊन तिनं शपथ घेतली, गज पुन्हा हातात धरणार नाही. मँडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच लावतात, तेव्हा डाव्या हाताचं शिकलेलं फुकट गेलं नाही आणि गजाचा प्रश्न सुटला. ती माझ्या गजाकडे मधूनमधून अशी बघायची, जणू सोडलेल्या गावाची बस समोरून जातेय.

आणि बँजोकाका. वडील कोळशाच्या खाणीत, आणि खाणीचा स्वतःचा पितळी वाद्यांचा बँड. त्यात काका लहानपणी बिगुलासारखं काहीतरी फुंकायचे. पंधराव्या वर्षी सायकलवरून पडून पुढचा दात गेला आणि फुंक बसेना. पुढे बोटीवर लागले. अमेरिकेतल्या एका बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानात हा बँजो मिळाला, सोबत एक कॅसेट. केबिनमध्ये वाजवला तर कॅप्टन ओरडला. मग काका इंजिन रूममध्ये बसून सराव करू लागले. तिथल्या धडधडीत कुणालाच काही ऐकू जात नसे, त्यांना स्वतःलासुद्धा. दोन वर्षं नुसत्या बोटांच्या भरवशावर वाजवलं.

"बंदरावर उतरल्यावर पहिल्यांदा ऐकलं मी काय वाजवतो ते," ते म्हणाले. "फारच वाईट होतं."

माझी पाळी आली तेव्हा मी थोडक्यात उरकलं. पण खरं सांगायचं तर माझंही असंच काहीतरी होतं. आमचे गुरुजी पिठाच्या गिरणीच्या वर राहायचे. शिकवणीहून आलं की वेणीत, व्हायोलिनवर, सगळीकडे पीठ. गुरुजींनी मला साथीसाठी तयार केलं. गवई पुढे, आपण अर्धं पाऊल मागे. तो थांबला तर तेवढी जागा भरायची, तो निघाला की पुन्हा मागे. "आपलं वाजवणं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे बरं झालं म्हणायचं," असं ते म्हणत. लग्न होईपर्यंत मी लहानमोठ्या बैठकांत साथ केली आणि एकदाही स्वतःचं काही वाजवलं नाही. कुणी सांगितलंच नाही, आणि मीही मागितलं नाही.

इथे नेमकं उलटं. सगळ्यांना मिळून एकच माईक. त्याच्याभोवती कोंडाळं करून उभं राहायचं. ज्याची पाळी, तो एक पाऊल पुढे येणार, धून एकदा आपल्या पद्धतीनं वाजवणार, मान डोलावून पुढच्याला खूण करणार आणि मागे सरकणार. मान डोलावली म्हणजे, ये, आता तुझं. पहिल्या तालमीत मँडोलिनबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली तर मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतेय ही? मागे भिंत. मी आपली बँजोच्या अर्धं पाऊल मागे वाजवत राहिले आणि माझी पाळी तशीच रिकामी निघून गेली. दोनदा, तीनदा. शेवटी बासवाला म्हणाला, "तुझी जागा आम्ही रिकामी ठेवतोय, तू येईनास."

घरी येताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना.

उभं राहण्याचं तर जमलंच नाही. आम्ही मांडी घालून बसतो, उजवा पाय थोडा पुढे काढतो, व्हायोलिनचं डोकं त्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. मग डावा हात मोकळा, हवं तसं घसरावं. उभ्यानं व्हायोलिन हनुवटीत दाबून धरलं तर मला वाटे, आता पडलं, मग पडलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणा हवं तर. तेव्हा तालमीत ते चौघं उभे आणि मी त्यांच्या मध्ये सतरंजीवर. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यांचे गुडघे.

तिसऱ्या तालमीला मात्र मी ठरवून गेले. आज पाळी सोडायची नाही. मान डोलली, आणि मी डोळे मिटून सुरू केलं. अहाहा! काय लागलं होतं त्या दिवशी व्हायोलिन! धून त्यांचीच, पण मी तिला जरा वळवली, जरा थांबवली, पुन्हा सोडली. मागे बास धप धप चालत होता, त्यावर काहीही ठेवावं आणि ते उभं राहावं. कुणाच्या मागे जायचं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी नव्हतं. किती वेळ वाजवलं कोण जाणे.

डोळे उघडले, तर नाकासमोर बूट.

बँजोकाका एका पायावर उभे होते आणि दुसरा पाय त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला होता. तळवा माझ्याकडे. नुसता धरला नव्हता, हलवत होते. मी वर बघितलं तर चौघंही माझ्याकडे बघून हसत होते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. पुस्तकाला लागला तरी. आणि हा माणूस माझ्या वाजत्या व्हायोलिनला बूट दाखवतो? बाई, फार वाजवलंस, आता पुरे, असं? मी गज थांबवला. व्हायोलिन अभ्र्यात घातलं. "थँक यू फॉर द टी," म्हटलं आणि निघाले. मागून हाका येत होत्या. काकांचा एक गुडघा दुखरा, त्यांना पळता येईना. मी वळून बघितलं नाही.

दोन आठवडे मी फोन उचलला नाही. नवरा तेव्हा कोरियाकडे कुठल्याशा बोटीवर. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ते असं करणार नाहीत गं, काहीतरी घोटाळा आहे." मी म्हटलं, "हो, तुझा साहेब ना! तू त्यांचीच बाजू घे." आणि फोन ठेवला. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते, समुद्रालगतच्या एका जुन्या क्लबच्या हिरवळीवर, रविवारी दुपारी. फिडलशिवाय तो होणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी माझा हट्ट सुटेना. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. बघा म्हणावं आता.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात बँजोकाका. पाठीवर पेटी, हातात काठी. दोन बस बदलून आले होते. आल्या माणसाला दारातून परत पाठवायची आपली रीत नाही, म्हणून मी पाणी दिलं. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, म्हणाले, "मी काय केलं ते मला कळलेलं नाही. पण तू जाताना तुझा चेहरा बघितलाय. काय केलं ते सांग."

मी सांगितलं. सगळं. आवाज चढवूनच सांगितलं. वाद्य, पाय, बूट, हसणं. ते ऐकता ऐकता लालबुंद होत गेले आणि शेवटी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग म्हणाले, "बघ." बँजो काढला, एक धून वाजवली, आणि वाजवता वाजवता बसल्या जागी पाय वर केला. धून संपली. दुसरी वाजवली. पुन्हा पाय वर. संपली.

"दोन्ही हात कामात असतात," ते म्हणाले. "तोंड गाण्यात. मान डोलावली तर ती पाळीची खूण. मग आता ही शेवटची फेरी, सगळ्यांनी एकदम थांबा, हे सांगायचं कशानं? पायानं. ज्यानं धून सुरू केली त्यानं पाय वर करायचा. सगळीकडे असंच करतात. इतकं सरावाचं आहे की तुला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. त्या दिवशी तू थांबेचनास. अकरा फेऱ्या झाल्या! आम्ही हसत होतो ते खूश होऊन. गिटारवाला म्हणतो, आमच्या फिडलवाल्यानं असं कधी वाजवलं नव्हतं. मी पाच मिनिटं एका पायावर उभा होतो, या गुडघ्यानिशी. म्हणून तो हलत होता."

हात दाखवून अवलक्षण.

आमची कन्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं होतं, ही तरी आईच्या बाजूनं बोलेल. "पण आई," ती म्हणाली, चक्क मराठीत, "तुझ्या व्हायोलिनचं डोकं तर नेहमी तुझ्या पायावरच असतं. मग?"

झालं कल्याण! जन्मात कधी मनात आलं नव्हतं. पीठ उडत असलेल्या त्या खोलीत गुरुजींनी पहिल्या दिवशी माझा उजवा पाय ओढून पुढे काढला होता आणि म्हणाले होते, आधी वाद्याला नमस्कार कर, मग पायावर ठेव, म्हणजे त्याला राग येत नाही. मी हे इतकी वर्षं रोज करत आले आणि दुसऱ्याच्या बुटावर डोळे वटारले. मला हसू फुटलं ते थांबेना. काकांना कळेना काय झालं. मुलीनं त्यांना इंग्रजीत सांगितलं, मग तेही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना नमस्कार करून दाखवला. बोटं वाद्याला, मग छातीला. त्यांनी लगेच बँजोला करून बघितला, आणि विचारलं, "सॉरी म्हणायचं का सोबत?" मी म्हटलं, "नाही. ते त्यातच आलं."

त्या दिवशीही तीन थालीपीठं झाली. मी डाळ घोटत असताना ते एकदम म्हणाले, "मला त्या रविवारची फार भीती वाटतेय." मी विचारलं, वाजवण्याची? "नाही," ते म्हणाले, "वाजवून झाल्यानंतरची."

रविवार उजाडला. मला कुठे बसवायचं हा मोठा प्रश्न होता, कारण माईक उभ्या माणसांच्या उंचीवर आणि मी हिरवळीवर बसले तर फक्त मुंग्यांनी ऐकलं असतं. आर्किटेक्टनं तो सोडवला. क्लबच्या स्वयंपाकघरातलं जाडजूड टेबल आणलं, आधी स्वतः त्यावर उड्या मारून बघितल्या, मग माझी सतरंजी अंथरली. मी साडी सावरत टेबलावर चढले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं फोटो काढला. नवरा परत आला होता. तो आणि मुलगी झाडाखाली उभे होते, हातात उसाचा रस. मंडळातलीही चारपाच घरं आली होती, डबे घेऊन, म्हणजे आपण कुठेही जातो तशीच.

टेबलावर बसल्यामुळे सगळ्यांचे चेहरे माझ्या चेहऱ्यासमोर आले. इतके दिवस गुडघे बघितले होते. मँडोलिनबाईंचा सूर असा स्वच्छ, की तिला नापास कोण करणार होतं? वेल्सच्या गड्यानं डोळे मिटून वरचा सूर लावला की आजीच्या मांडीवरचं ते पोर दिसायचं. बासवाला लंडनच्या पोलिसांना अजून घाबरत नव्हता. पाळी आली की मी वाजवत होते, आणि वेळेवर थांबतही होते. प्रत्येक धुनेच्या शेवटी काकांचा पाय वर, सगळे एकदम बंद, टाळ्या.

शेवटची धून काकांची स्वतःची होती. इंजिन रूममध्ये बांधलेली, कानांनी न ऐकता. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात इंजिनाचा ठेका होता. काकांनी सुरू केली. चार फेऱ्या करायच्या ठरलं होतं. बँजो, मँडोलिन, गिटार, व्हायोलिन, की संपलं. माझी फेरी झाली आणि सगळ्यांच्या नजरा काकांच्या बुटावर गेल्या.

बूट जमिनीवर.

ठीक आहे, पाचवी फेरी. मँडोलिननं उचलली. सहावी. बूट हलेना. मला वाटलं गुडघा दुखतोय. सातव्या फेरीला मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, गुडघ्याचा काही संबंध नाही. ते रडत नव्हते. चांगले आनंदात होते. फक्त त्यांना थांबता येत नव्हतं. पाय उचलला की धून संपणार, बँड संपणार, सव्वीस वर्षं संपणार, मग मेंढ्या आणि पब. बासवाल्याच्या बोटांना फोड आले असावेत, तो ओठ चावत होता, पण थांबला नाही. कुणीच थांबलं नाही. ज्यानं सुरू केली त्यानंच संपवायची.

आठव्या फेरीत काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्या उजव्या पायाकडे, आणि त्यांनी मान डोलावली. पाळी देताना डोलावतात तशी.

मी साथीची बाई. दुसऱ्याचं गाणं आपण संपवायचं? गुरुजी असते तर गज काढून घेतला असता हातातून. पण हा माणूस मला विनवत होता, आणि मला तो फार जवळचा वाटला त्या क्षणी. वडिलांसारखा म्हटलं तरी चालेल. मी लगेच पाय उचलला नाही. म्हटलं, घ्या काका, अजून एक. पूर्ण एक फेरी मी त्यांच्याबरोबर वाजवली, मागे नाही, शेजारून. ते हसत होते.

आणि मग मी उजवा पाय वर केला. त्यावर टेकलेलं व्हायोलिनचं डोकंही त्याच्याबरोबर वर आलं. टेबलावर होते, सगळ्यांना दिसलं. फेरी पुरी झाली आणि पाची वाद्यं एकदम थांबली.

टाळ्या वाजत होत्या. माझा हात सवयीनं व्हायोलिनकडे गेला, नमस्काराला. तर तिथे आधीच एक हात होता. बँजोकाका काठीशिवाय, टेबलाची कड धरून पुढे आले होते. त्यांनी माझ्या पायावरच्या व्हायोलिनच्या डोक्याला बोटं टेकवली आणि छातीला लावली. मला काही दिसेनासं झालं, मी पदर डोळ्यांना लावला.

"झालं," ते म्हणाले.